भाऊ भ्रमात होता, केंद्रवाल्यांना सैतान दिसला

केज तालुक्यातला हा गडी ट्रॅक्टरवर ऊस वाहतो. दिवाळी झाली की पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याकडे निघायचं ते हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत तिकडेच. कारखान्याच्या रांगेत थंडीत रात्र काढताना बाटली फिरते, उचलीचा पैसा त्यातच जातो. पुढे सकाळी हातांची थरथर थांबवायलाही त्याला दारू लागायला लागली. हा माझा धाकटा भाऊ.

आमचं घर ख्रिस्ती. त्यामुळे प्रार्थनेवर चालणाऱ्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याला ठेवलं, यात आजही मला काही गैर वाटत नाही. राग आहे तो केंद्र चालवणाऱ्यांवर. दाखल करतानाच भावजयीने विचारलं होतं, "ब्रदर, डॉक्टर कधी येतात?" उत्तर मिळालं, "ताई, इथला वैद्य प्रभू येशू. गोळ्यांवर भरवसा ठेवाल तर विश्वास कुठे राहिला?"

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की सहा ते चोवीस तासांत थरकाप, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, ताप चढतो, नाडी पळते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. वर्षानुवर्षं दारूने दबलेला मेंदू ती बंद होताच खवळतो. तो शांत करायला काही दिवस मोजून-मापून गोळ्या देतात, सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं.

केंद्रात काय झालं? भाऊ रात्री भिंतीवरचे साप हाकलायला लागला. ब्रदरांनी सगळ्यांना उठवलं, त्याचं डोकं दाबून धरलं आणि ओरडून ओरडून सैतानाला निघून जायला सांगितलं. घाबरून तो अंगावर धावला, तर त्याला पलंगाला बांधलं. फोन आला तोही दोष द्यायला: "तुमच्या घरात कुणी चोरून मूर्तिपूजा करतंय का बघा." भावजय पोचली तेव्हा त्याच्या मनगटांवर दोरीचे वळ होते, ओठ फुटले होते. "पाणी पाजलं का?" तिने विचारलं.

"उपास आहे त्याचा."

तापाने फणफणलेल्या माणसाला उपास! यांना आजार ओळखताच येत नाही, हे त्या क्षणी लख्ख कळलं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात सलाईन आणि औषधं मिळाल्यावर भाऊ माणसात आला. ब्रदरांनी साधी चौकशीसुद्धा केली नाही.

मात्र ख्रिस्ती सेवा अशीच असते, असं कुणी म्हणू नये. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः दारूच्या आजारातून बाहेर पडलेले, बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए. ए.) बारा पायऱ्यांच्या जोडीला योग घेणारं हे काम सगळ्या धर्मांच्या माणसांसाठी चालतं. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ब्रदर मंडळी साक्ष देताना ज्या बिल विल्सनचं नाव घेतात, त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या संस्थापकाला देवाचा अनुभव कुठे आला? १९३४च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात, डॉ. सिल्कवर्थ यांच्या देखरेखीखाली दारू उतरवली जात असताना. पुढच्याच वर्षी अ‍ॅक्रनमध्ये त्याच्याबरोबर ही संघटना उभी करणारे डॉ. बॉब स्मिथ तर शल्यविशारदच होते. प्रार्थनेला औषधाचं वावडं होतं कुठे?

म्हणून घरच्यांनी आधी डॉक्टरांकडून दारू उतरवून घ्यावी, केंद्राचं नंतर बघावं. याआधी दारू तुटली तेव्हा फिट आली असेल, तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगावं. केंद्राची मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खालची नोंदणी बघायला मागावी. रुग्णाला साखळीने बांधायला याच कायद्याच्या कलम ९५ने बंदी आहे. पहिले काही दिवस भेटू देणार नाही म्हणणाऱ्यांना, रात्री फिट आली तर कोण येणार, एवढंच विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर माणूस परत आणावा. चहात गुपचूप कालवायचं औषध कुणी देत असेल तर घेऊ नये. त्यात डायसल्फिराम असू शकतं आणि ते पोटात असताना दारू प्याली तर जिवावर बेतू शकतं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. धीर धरावा, चिडचिड करू नये. ए. ए.च्या बैठकीला पैसे लागत नाहीत, तिथे जरूर पाठवावं. हंगामाच्या तोंडावर दारू सोडवायला घेऊ नये, उचल देणाऱ्या मुकादमाचा तगादा माणसाला बरा होऊ देत नाही.

आणि पैसे भरताना पावती घ्यावी. आम्ही मागितली, तर "देवाच्या कामाला पावती कसली?" म्हणाले. भरलेली रक्कम अजून त्यांच्याकडेच आहे.