खणलेल्या पणजीत पाहुणे

रस्ते खणून ठेवलेल्या गावाला जाऊ नये, असं आपल्याकडे कुणीही सांगतं. 2024 च्या मार्चमध्ये मावशीला घेऊन पणजीला निघाले, तेव्हा मलाही तेच ऐकवण्यात आलं. पण काकांच्या नोकरीमुळे मावशीचा संसार सुरू झाला तो पणजीत, आणि गुडघे अगदीच निकामी होण्याआधी तिला तिथल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून एकदा फिरायचं होतं. गल्ल्या काही तिच्या गुडघ्यांसाठी थांबणार नव्हत्या आणि रस्त्याचं काम कधी संपेल हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. म्हणून गेलोच. आता कुणी विचारलं तर मी म्हणते, जरूर जा. फक्त गाडी आणि मोबाइलमधला नकाशा या दोघांवर विसंबू नका. खणलेल्या गावात वाट कुठे आहे ते त्या गल्लीत रोज वावरणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आधी काम कसलं चाललं होतं ते सांगते. पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली 2016 मध्ये. पुढे मलनिस्सारणाच्या वाहिन्या, जमिनीखालून जाणाऱ्या तारा, पावसाळी गटारं, पदपथ अशी कामं एकमेकांच्या पाठोपाठ, कुठे कुठे तर एकदमच सुरू झाली. त्यात पणजीची जमीन सखल. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला ऊरेमची खाडी, आणि बराच भाग भर घालून उभा केलेला. थोडं खोल गेलं की खालून पाणी लागतं, ते पंपाने उपसत बसावं लागतं. वर जूनच्या पावसाआधी खड्डे बुजवायची घाई, त्यामुळे उन्हाळ्यात कामाला जोर. सकाळी मोकळा असलेला रस्ता संध्याकाळी बंद दिसला तर त्यात नवल वाटायला नको. धुळीचा प्रश्न तर आम्ही गेलो त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला.

आम्ही पोचलो दुपारी. नकाशातली निळी रेघ थेट आमच्या मुक्कामाच्या दारापर्यंत जात होती. प्रत्यक्षात गल्लीच्या निम्म्यात हिरवी जाळी, जाळीमागे चर, चराच्या पलीकडे आमचं घर आणि आमच्या मागे स्कूटरची रांग. वळायला जागा नाही. तेवढ्यात एक पायलट आपली मोटारसायकल भिंतीला लावून पुढे आला. पायलट म्हणजे गोव्यातले पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाडं मारणारे. "बाये, हांगाच्यान वचूं नाका" (बाई, इथून जाऊ नका) म्हणत त्याने आधी मागच्या स्कूटर हटवल्या, मग हाताने खुणा करत आमची गाडी उलटी बाहेर काढून दिली. गाडी पाटोच्या बहुमजली वाहनतळावर लावा आणि खाडीवरच्या पादचारी पुलावरून चालत या, हा सल्लाही त्याचाच. पुलावरून उतरलं की फोंतेन्हास समोरच. पुढचा सगळा मुक्काम गाडी तिथून हलली नाही.

यातून पहिली सूचना. मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "दारापर्यंत गाडी येते का?" असं विचारू नका. सवयीने "येते की" असंच उत्तर मिळतं. "काल आलेल्या पाहुण्यांनी गाडी कुठे लावली?" असं विचारा. आणि "सामान न्यायला कुणी येईल का?" हेही. या दोन प्रश्नांवर माणूस थांबतो, आठवतो आणि खरं काय ते सांगतो. फोन निघायच्या आदल्या दिवशी करा, आठवडाभर आधीच्या माहितीचा उपयोग नाही. सामान चाकांच्या बॅगेऐवजी खांद्याला अडकवता येईल असं घ्या. खडीवर चाकं चालत नाहीत.

दुसरी सूचना पायाखालची. उघडा चर दिसतो, त्याला आपण जपतो. फसवतो तो नुकता बुजवलेला चर. वरून तांबडी माती सारखी केलेली, टँकरने पाणी मारलेलं, बघताना अगदी टणक. मावशीने त्यावर काठी टेकली आणि काठी वीतभर आत गेली. पाय टाकला असता तर सहलीचा शेवट दवाखान्यात होता. 2023 मध्ये अशाच भरावात ट्रकची चाकं रुतल्याच्या बातम्या पणजीतून पुन्हा पुन्हा येत होत्या. 2024 उजाडतानाच मळा भागात खणलेल्या रस्त्यावर दुचाकीला अपघात होऊन एका तरुणाचा जीव गेला. म्हणून गोव्यात सर्रास मिळणारी भाड्याची स्कूटर खणलेल्या भागात रात्री अजिबात चालवू नका. अंधार पडल्यावर पायी जातानाही टॉर्च हवा. चपला नकोत, मागून बंद असलेले बूट हवेत. दारासमोर टाकलेल्या फळीवरून एका वेळी एकानेच जावं. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून शेजारी चालवू नका, फळी दोघांना पुरत नाही. आपण पुढे व्हावं आणि मागे हात द्यावा.

तिसरी सूचना वेळेची. यंत्रं सुरू व्हायच्या आधी, सकाळी सातच्या सुमारास बाहेर पडा. रात्रीत धूळ खाली बसलेली असते आणि पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांच्या भिंतींवर ऊन नुकतं येत असतं. याच वेळी पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, येतो. आम्ही पाहिला त्याने भोंपू वाजवत सायकल चरापाशी आणली, मागची पावांची टोपली उतरवून पलीकडच्या बाईच्या हातात दिली, सायकल खांद्यावर घेऊन फळी ओलांडली, टोपली पुन्हा बांधली आणि पुढे निघाला. मावशीने त्याला थांबवून गरम पोई घेतल्या आणि सेंट सेबॅस्टियन चॅपेलकडे कुठून जायचं तेही विचारून घेतलं. त्याने सांगितलेली वाट कुठल्याच नकाशात नव्हती, दोन घरांच्या मधून जाणारी बोळ होती. पायलट, पोदेर, टपाल वाटणारा, ज्यांना रोज दारोदार जावंच लागतं त्यांना विचारा. दहाच्या पुढे धूळ उडू लागली की नाकातोंडावर ओला रुमाल किंवा मास्क लावा. दम्याचा त्रास असेल तर औषध बॅगेत न ठेवता खिशात ठेवा.

चौथी सूचना बेताची. यादी लहान करा आणि जागा जवळजवळच्या निवडा. एक सकाळ फोंतेन्हाससाठी ठेवा. सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, ते बघा. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आलेला. दुसरी सकाळ चर्च चौकाच्या बाजूला. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नागमोडी पायऱ्या, आझाद मैदान आणि मिनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रं. बाहेर यंत्रं धडधडत असली तरी या फरशांपुढे तासभर सहज जातो. या दोन भागांच्या मधला रस्ता त्या दिवशी बंद होता आणि मावशीला एवढं चालवणार नव्हतं. तेव्हा सत्तरी ओलांडलेली माझी मावशी पदर खोचून पायलटच्या मागे एका अंगाने बसली आणि माझ्या आधी चर्चपाशी पोचली. प्रत्येकाच्या मावशीला हे जमेलच असं नाही. न जमल्यास दोन भाग दोन दिवसांवर टाका, पण एकाच दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको.

शेवटची सूचना वागण्याची. आपण दोन-चार दिवसांचे पाहुणे, तिथली माणसं ही धूळ महिनोन् महिने खात असतात. "किती दिवस चाललंय हो हे?" हा प्रश्न त्यांनी शंभर जणांकडून ऐकलेला असतो. कुणाच्या ओसरीवर चढून फोटो काढण्याने तर फोंतेन्हासचे रहिवासी आधीच वैतागलेले आहेत. त्यापेक्षा जाळीमागच्या दुकानात शिरा. बाहेरून बंद वाटणारी खानावळ बहुतेक वेळा चालू असते, तिच्या दारात जायला फक्त वळसा पडतो. आम्ही जेवलो त्या ठिकाणी भर दुपारी टेबलं रिकामी होती. मालक म्हणाले, गिऱ्हाईक चर बघतं आणि तिथूनच परत फिरतं. जेवण झाल्यावर त्यांनी आम्हाला मागच्या दाराने थेट पुलाकडच्या वाटेला लावून दिलं.

हे सगळं पणजीपुरतं नाही. 2027 च्या कुंभासाठी तयार होणारं नाशिक असो की आणखी कुठलं जुनं गाव, रस्ते खणले जाणारच. त्यासाठी जाणं पुढे ढकलू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना काही दाखवायचं असेल तर मुळीच नको. निघायच्या आदल्या दिवशी फोन, गावाबाहेर गाडी, पायात बूट आणि निम्मा बेत, एवढी तयारी असली की पुरे.