रिकाम्या नळीबद्दल

वाशीम

चि. भाच्यास,

काल तुझ्या आईचा फोन आला. तुरीवरची पाखरं हाकायला तू एअरगन आणलीस आणि "परवाना लागत नाही, खेळणंच आहे" असं तिला सांगितलंस. 4.5 मिलिमीटर नळीच्या, 20 जूलपर्यंतच्या एअरगनला परवान्यातून सूट आहे, हे खरं. पण हिशेब करून बघ. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने सुटला की त्यात 10 जूल असतात. डोळा जायला त्याहून कितीतरी कमी पुरतात.

तिच्यात दारू नाही म्हणून तिला हलकी समजू नकोस. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या रेट, चेपलेली हवा काय जोर करते ते कळेल. तू नळी मोडतोस तेव्हा आतली स्प्रिंग आवळली जाते. चाप ओढला की ती दट्ट्याला पुढे फेकते, हवा क्षणात चेपते आणि छर्ऱ्याला ढकलते. छर्रा भरताना मोडलेली नळी घट्ट धर. चाप निसटला तर ती झटक्याने मिटते आणि बोटं सापडतात.

मी नववीत असताना गावातल्या एका पोराने "खालीच हाये रे!" म्हणत माझ्या मित्रावर नळी रोखली. छर्रा गालात रुतला, डोळ्याच्या दोन बोटं खाली. तेव्हापासून बंदुकीपाशी 'खाली' हा शब्द मला सहन होत नाही.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत 10 मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या खेळात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इतक्या कसलेल्या नेमबाजांनाही नेमबाजी थांबली की नळीत रंगीत दोरी आरपार घालावी लागते, नळी रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. त्यांच्या नुसत्या शब्दावर कुणी विसंबत नाही. मग तुझ्या-माझ्या शब्दाचं काय!

पाखरांवर नेम धरूच नकोस. पोपट असो की मोर, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला जखमी करणं हीसुद्धा शिकारच. तुझे आजोबा मचाणावरून गोफण फिरवत, पण हाकायला. तू डबा वाजव.

नेमाची हौस मात्र मला आवडली. रविवारी येतो, शिकवतो. वाळूचं पोतं भरून मातीच्या बांधाला टेकवून ठेव, पलीकडे वाट नसेल अशा जागी. गोठ्याची दगडी भिंत नको, छर्रा उसळून अंगावर येतो. छर्रे शिशाचे असतात, हाताळलेस तर हात धुवूनच जेवायला बस. तोवर बंदूक आईच्या कपाटात राहू दे, आणि छर्रे आजीच्या पेटीत.

तुझा,
मामा