रिबन उडवली की गुण मिळतात का?

प्रश्न : माझी नात रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकते. तिची स्पर्धा पाहिली. डोळ्यांचं पारणं फिटलं, पण कोण का जिंकलं ते काही कळलं नाही. हा खेळ की नाच? आणि पंच नेमकं बघतात तरी काय?
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, हा खेळच, आणि तोही काटेकोर हिशेबाचा. १३ बाय १३ मीटरच्या मॅटवर एकटीने खेळणाऱ्या मुलीला संगीताच्या तालावर सव्वा ते दीड मिनिटात सगळं कसब दाखवायचं असतं. सांघिक प्रकारात पाच जणी असतात आणि वेळ सव्वादोन ते अडीच मिनिटं. ऑलिंपिकमध्ये १९८४ साली वैयक्तिक आणि १९९६ साली सांघिक प्रकार आला. तिथे तो फक्त महिलांसाठी आहे.

साधनं पाच : दोरी, हूप, चेंडू, क्लब्ज आणि रिबन. वरिष्ठ गटाच्या वैयक्तिक स्पर्धेत आता दोरी नसते. प्रत्येक साधनाची रीत वेगळी. चेंडू मुठीत आवळायचा नाही. तो तळहातावर नुसता विसावलेला हवा. हूप फिरवायचा, लोळवायचा, त्यातून आरपार जायचं. क्लब्ज जोडीने, मनगटातून घुमवायचे. वरिष्ठांची रिबन ६ मीटरची; तिच्या नागमोडी लाटा आणि वेटोळी शेवटच्या टोकापर्यंत स्पष्ट दिसली पाहिजेत. गाठ पडली की गुण गेलेच.

शरीराची कौशल्यं तीन : उडी, तोल आणि गिरकी. उडीत दोन्ही पाय हवेत सरळ रेषेत फाकतात. तोल सांभाळताना एका पायावर घेतलेली मुद्रा क्षणभर स्थिर दिसावी लागते. गिरकी चवड्यावर, भोवऱ्यासारखी. खरी मेख पुढेच आहे : यातलं काहीही करताना हातातलं साधन नुसतं धरून ठेवलं, तर त्या कौशल्याचे गुण मिळत नाहीत. शरीर आणि साधन, दोन्ही एकाच वेळी बोललं पाहिजे.

प्रेक्षक ज्याला टाळ्या वाजवतात त्याला ‘रिस्क’ म्हणतात. साधन उंच फेकायचं, ते हवेत असताना निदान दोनदा गरकन फिरायचं किंवा कोलांटी घ्यायची आणि ते अलगद झेलायचं. हात न लावता, किंवा नजरेआड झेललं तर मोल वाढतं.

गुण तीन भागांत मिळतात. काठिण्याचे गुण केलेल्या कौशल्यांनुसार वाढत जातात. कलात्मकता आणि अचूकता यांची सुरुवात १० पासून होते आणि चुकांगणिक वजाबाकी. साधन जागच्या जागी पडलं तर अर्धा गुण, एक-दोन पावलं जाऊन उचललं तर ०.७ आणि त्याहून लांब गेलं तर पूर्ण १ गुण कापला जातो. म्हणून मॅटच्या कडेला जादा साधनं ठेवलेली असतात.

ठाण्यात तर या खेळाची चांगली परंपरा आहे. २०२२ च्या जूनमध्ये पंचकुलात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ठाण्याच्याच संयुक्ता काळेने या खेळातली पाचही वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली होती.

पुढच्या वेळी रिबनच्या रंगाकडे पाहू नका. साधन हवेत गेलं की मुलगी काय करते आणि ते कसं झेलते, एवढं पाहा. पंचांचा अर्धा निकाल तुम्हालाही कळेल.