एकाच अंकाच्या मूळ संख्या

ज्या संख्येस १ आणि ती स्वतः यांवाचून अन्य विभाजक नाही तिला मूळ संख्या म्हणतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस विदितच आहे. आता केवळ १ हा अंक पुनःपुन्हा मांडून होणाऱ्या संख्यांपैकी मूळ कोणत्या, हे पाहू. पणदऱ्याच्या शाळकरी मुलासही पाटीवर या शोधाचा आरंभ करता येईल. अंत मात्र अद्यापि कोणास लागलेला नाही.

११ ही मूळ संख्या होय. १११ म्हणजे ३ × ३७. सहा वेळा १ मांडल्यास तीन-तीन अंकांचे दोन गट पडतात, म्हणून ती संख्या १११ × १००१ होते. यावरून नियम निघतो की, अंकांची गणती संयुक्त असल्यास संख्याही संयुक्तच. परंतु गणती मूळ असली म्हणजे संख्या मूळ असतेच असे नाही. ११११११ नव्हे, पाच अंकी १११११ घ्या, ती ४१ × २७१ आहे. अकरानंतर मूळ संख्या येते ती थेट १९ अंकी. पुढे २३, ३१७ व १०३१ अंकी. ४९०८१ अंकी संख्या मूळ असावी असे १९९९ साली दिसून आले, पण सिद्धता २०२२ साली झाली. तोवर तेवीस वर्षे गणितज्ञांनी तिला ‘बहुधा मूळ’ एवढेच म्हटले.

या संख्यांचा छंद आपल्याकडे देवळालीचे शालाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस होता. त्यांच्या वर्गांतून १२१, १२३२१ अशी मालिका निघते. अशा संख्यांस त्यांनी डोंबिवली स्थानकावरून ‘डेम्लो’ हे नाव दिले. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ होय. गंमत अशी की, याच संख्येच्या मध्यभागी ९ नंतर १० व पुन्हा ९ घातल्यास होणारी १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे!

तथापि रचनेच्या सौंदर्यास भुलू नये. ३१, ३३१, ३३३१ येथपासून ३३३३३३३१ पर्यंतच्या सातही संख्या मूळ आहेत. सात साक्षी एकमुखाने बोलल्यावर आठवीविषयी शंका कोण घेईल? परंतु ३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार स्वहस्ते करून पाहावा, आणि ‘असे दिसते’ व ‘असे सिद्ध झाले’ यांतील अंतर कायमचे ध्यानी ठेवावे.