परदेशी शाळेची भेट, आपल्याच वर्गात बसून



वारंगा फाटा माहीत नाही असा एस.टी.चा प्रवासी आपल्या भागात मिळणं कठीण. नांदेडहून आलेला रस्ता इथं फुटतो. एक कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याकडं जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडं. माणसं उतरतात, गरम खिचडी खातात आणि पुढं जातात. आमची लेकरं हे रोज बघतात, गाड्यांच्या पाट्या वाचतात. पण सातवीच्या वर्गात मी विचारलं, "या रस्त्यानं जातच राहिलं तर शेवटी कुठं पोचू?" तर उत्तर नागपूरच्या पुढं सरकलं नाही. एकानं "दिल्ली" म्हटलं, तेही घाबरत घाबरत.

आपण शिक्षक मंडळी जमलो की परदेशी अभ्यासदौऱ्याचा विषय निघतोच. कुणी सिंगापूरच्या शाळांचे फोटो दाखवतं, कुणी फिनलंडचं सांगतं. युरोपात तर शिक्षकांनी आठवडाभर दुसऱ्या देशातल्या शाळेत जाऊन बसायचं, त्यांचे तास बघायचे, आपला एक तास घेऊन दाखवायचा, ही इरॅस्मस योजनेमुळं नेहमीची गोष्ट झाली आहे. शाळांच्या ऑनलाइन जोड्या लावणारा ई-ट्विनिंग उपक्रम तिकडं २००५ पासून आहे. आपल्याला हे सगळं कधी मिळेल ते मिळेल. पण खरं सांगू का, दौऱ्यावरून आलेल्या फोटोंत मला नेहमी फळे, टॅब आणि रंगीत खुर्च्याच दिसतात. शिक्षकानं मुलांना नेमकं काय करायला लावलं, ते फोटोत येत नाही. आपल्याला हवं असतं तेच.

आपल्या राज्यात या बाबतीत वाट दाखवली ती रणजितसिंह डिसले गुरुजींनी. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची चर्चा सगळ्यांनी केली. मला मात्र त्यांच्या कामातला दुसरा भाग जास्त जवळचा वाटतो. ते आपल्या वर्गातून इतर देशांतल्या वर्गांना व्हिडिओवर भेटायचे, तिथल्या मुलांना प्रयोग दाखवायचे, आभासी सहली काढायचे. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा देशांतल्या मुलांना त्यांनी एकमेकांशी बोलतं केलं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिली, हे तर सर्वांना माहीत आहेच.

त्या काळात स्काइपवर 'मिस्ट्री स्काइप' नावाचा खेळ जगभरच्या शाळांत चालायचा. दोन वर्ग समोरासमोर येतात, पण समोरचा वर्ग कुठल्या देशातला आहे हे मुलांना सांगायचं नाही. फक्त 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे आणि ठिकाण ओळखायचं. पुढं स्काइपच ५ मे २०२५ ला बंद झालं. खेळ मात्र चालूच आहे, कारण त्याला स्काइप लागतच नाही. कोणताही व्हिडिओ कॉल चालतो.

आम्ही हा खेळ खेळलो पोलंडमधल्या एका गावातल्या वर्गाशी. शिक्षकांच्या एका ऑनलाइन गटात तिथल्या बाईंशी ओळख झाली होती. डिसेंबरचा महिना. आपले दुपारचे अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. आमच्याकडं माझा मोबाइल, शाळेचा प्रोजेक्टर आणि व्हरांड्यात उभं राहिलं तरच येणारं नेटवर्क. शेवटी प्रोजेक्टरची हौस सोडली आणि मोबाइल खिडकीच्या गजाला बांधला.

मुलांचे गट आधीच पाडले होते. चौघं प्रश्न विचारणारे, सहा जण नकाशासंग्रह आणि पृथ्वीगोल घेऊन बसलेले, दोघं फळ्यावर उत्तरं लिहिणारे, बाकीचे पुढचा प्रश्न सुचवणारे. "आर यू इन एशिया?" अशी दहा-बारा इंग्रजी वाक्यं आठवडाभर घोकून घेतली होती. तरी कॉल लागल्यावर पहिला प्रश्न आला, "व्हॉट इज युवर नेम?" सगळा वर्ग हसला. विचारणारा पोरगा असा ओशाळला की दहा मिनिटं बोललाच नाही. ही माझी चूक. मी वाक्यं पाठ करून घेतली, खेळ एकदाही खेळून घेतला नव्हता.

मग आशिया नाही, युरोप हो, समुद्रकिनारा हो, इथपर्यंत गाडी बरी आली. तिथं अडकली. मुलं एकेका देशाचं नाव घेऊ लागली. "फ्रान्स?" नो. "इटली?" नो. "स्पेन?" नो. तिकडच्या मुलांनी मात्र आम्हाला आधी विषुववृत्तानं कापलं, मग खंडानं, मग शेजाऱ्यांनी, आणि आठव्या प्रश्नाला "इंडिया" म्हणून मोकळी झाली. आमच्या वर्गात शांतता पसरली. तेव्हा नकाशावाल्या गटातली एक मुलगी, एरवी फळ्याजवळ यायला सांगितलं तरी मान खाली घालणारी, मराठीतच म्हणाली, "सर, त्यांच्या देशाला पाचाहून जास्त देश चिकटलेले हाईत का, इचारा ना." मी इंग्रजीत विचारलं. उत्तर आलं, यस. मुलांनी नकाशावर बोटं फिरवली, किनारा असलेले आणि खूप शेजारी असलेले देश मोजले. जर्मनी? नो. जर्मनीच्या पूर्वेला? यस. पोलंड!

खरा तास दुसऱ्या दिवशी झाला. फळ्यावर दोन्ही वर्गांचे प्रश्न लिहिले आणि विचारलं, यातला चांगला प्रश्न कोणता? मुलांनीच शोधलं. 'फ्रान्स का?' याला 'नाही' आलं तर फक्त एक देश कमी होतो. 'विषुववृत्ताच्या उत्तरेला का?' याला काहीही उत्तर आलं तरी बरेच देश एकदम गळतात. प्रत्येक प्रश्नानं यादी निम्मी होत गेली तर? जगात साधारण १९५ देश. २५६ ला आठ वेळा निम्मं केलं की १ उरतो, म्हणजे चांगले आठ प्रश्न पुरतात. वीस प्रश्नांत तर १० लाखांहून जास्त गोष्टींतली एक ओळखता येते. हा हिशोब मुलांना इतका आवडला की मधल्या सुट्टीत एकमेकांचा मनातला आकडा ओळखायचा खेळ सुरू झाला. भूगोलाचा तास गणितात कधी गेला, मलाही कळलं नाही.

पोलंडचं नाव निघालं म्हणून मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बायका आणि मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहत होते. तिथं त्यांच्या मुलांच्या शाळाही होत्या. "म्हणजे ते आधी आपल्याकडं येऊन गेलेत?" मुलांना आश्चर्य वाटलं. पुढच्या कॉलला हे त्यांनीच तिकडच्या मुलांना सांगितलं.

आता देवाणघेवाणीचं. त्या बाईंनी मला प्लिकर्सची कार्डं दाखवली. प्रत्येक मुलाला छापील खुणेचं एक कागदी कार्ड. त्याच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी हे पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरतं, शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर ते पडद्यावर येतं. अक्षरं बारीक असल्यानं शेजाऱ्याचं बघून उत्तर देता येत नाही. कहूटसारख्या खेळाला मुलांच्या हातात मोबाइल लागतात, याला अख्ख्या वर्गात एकच पुरतो. आपल्या शाळांसाठी याहून सोयीचं मी पाहिलं नाही. एक अनुभव सांगून ठेवतो: कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होतो आणि कॅमेरा खुणा वाचत नाही. माझे पहिल्या छपाईचे पैसे त्यातच गेले.

बदल्यात आम्ही काय द्यावं? मला जरा संकोच वाटत होता. मुलांनीच चिंचोके पुढं केले. मधोमध फोडून घासलेले चार चिंचोके, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या. आम्ही यावर आकडेवारीचा पाठ घेतो. आधी चार नाणी टाकायची. शक्यता १६, त्यात दोन छापा-दोन काटा असं ६ प्रकारे येतं, चारही छापा एकाच प्रकारे. मग तेच चिंचोक्यांनी करायचं आणि ताळ्याच्या खुणांनी नोंदवायचं. चिंचोका नाण्यासारखा वागत नाही, कारण त्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. का वागत नाही यावरचा वाद हाच पाठ. बाईंना चिंचोके कुठून मिळणार? त्यांनी घेवड्याच्या बिया एका बाजूनं रंगवल्या आणि महिन्याभरानं त्यांच्या मुलांच्या नोंदींचा फोटो पाठवला. मुलांनी तो वर्गात लावून ठेवलाय.

हे पाहताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. माँटेसरी पद्धत इटलीतून आलेली, तिची साधनं महाग. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. पद्धत घेतली, सामान तिथंच सोडलं. प्लिकर्स उद्या बंद पडलं तर मी पुठ्ठ्याच्या चार रंगांच्या चौकोनावर तोच खेळ घेईन. मोजायला वेळ जास्त लागेल एवढंच.

पालकांसाठी थोडं. कॉलमध्ये आम्ही मुलांची पूर्ण नावं सांगत नाही, रेकॉर्डिंग करत नाही, कॉल कायम शिक्षकाच्या मोबाइलवरून आणि वर्गातच होतो. घरी याच्या नावाखाली कुणी मोबाइल मागितला तर देऊ नका. हा खेळ घरी तोंडीच होतो. जेवताना एखादी वस्तू मनात धरा आणि लेकराला वीस प्रश्न द्या.

ज्यांना परदेशी वर्ग मिळत नाही त्यांनी जिल्ह्यांपासून सुरुवात करावी. महाराष्ट्राचे जिल्हे ३६, म्हणजे सहा प्रश्न पुरायला हवेत, पाच पुरणार नाहीत. आपला हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला, तालुके पाचच, त्यामुळं समोरच्यांना तो पटकन सापडत नाही. आमची मुलं यावर फार खूश आहेत. कोकणातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या सातवीच्या वर्गाला खेळायचं असेल तर कळवा. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी अडीच. फक्त जिल्ह्याचं नाव आम्हाला आधी सांगू नका.