थंडी आणि शेंदरी बोंडअळी

कीटकांस स्वतःची अशी देहोष्णता नसते. हवा गारठली की पतंगांचे उडणे व मीलन मंदावते, मादीच्या पोटातील अंडी उशिरा पक्व होतात आणि घातलेली अंडीही उशिरा उबतात. त्यामुळे डिसेंबरात पतंग दिसेनासे झाले की “थंडीने कीड मेली” असे पुष्कळ शेतकरी समजतात. कपाशीवरील शेंदरी, म्हणजेच गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ही समजूत महागात पडते.

उबदार हवेत या किडीची एक पिढी सुमारे महिनाभरात पुरी होते. दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या म्हणजे मात्र पूर्ण वाढलेल्या पुष्कळ अळ्या कोषावस्थेत जात नाहीत. अशी अळी दोन सरक्या एकमेकींस चिकटवून त्यांच्या पोकळीत सुप्तावस्थेत पडून राहते. त्या काळात ती काही खात नाही. प्रजोत्पादन थांबते, परंतु अळी जिवंत असते. ही निद्रा कित्येक महिने टिकू शकते.

आपल्या जिल्ह्यात घाटावरच्या मानाने घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या बाजूस, हिवाळा सौम्य असतो. कपाशीचा मुख्य पट्टाही तोच. येथे सर्वच अळ्या निद्रिस्त होत नाहीत. हिरवी बोंडे मिळाली तर काहींची वंशवृद्धी संथपणे चालूच राहते. पाणी देऊन फरदड राखणे म्हणजे या अळ्यांस हिवाळाभर अन्न पुरविणे होय. फरदडीने हाती दोन पैसे येतात हे खरे; पण २०१७ साली विदर्भात बी. टी. कपाशीचेही या अळीने केवढे नुकसान केले, ते शेतकरी विसरलेले नाहीत.

म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी. ती बांधावर रचून ठेवू नये. किडकी बोंडे व कवडी कापूस वेचून नष्ट करावा. जमीन खोल नांगरावी. सरकीचे ढीग असलेल्या जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावण्याविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चालकांस आग्रह करावा.

उष्णता व ओलावा मिळताच निजलेल्या अळ्यांचे पतंग होतात. पतंगाचे आयुष्य अवघे काही आठवड्यांचे. शेतात पाते-फूल नसेल तर त्याच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या उपाशी मरतात. पेरणीनंतर पाते लागण्यास साधारण पाच-सहा आठवडे लागतात. तेव्हा विहिरीच्या पाण्यावर मे महिन्यात केलेली आगाप लागवड टाळून, जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावरच सर्व गावाने कपाशी पेरावी. एकाच शेतकऱ्याने आगाप पेरली तरी पहिल्या पतंगांस तेवढे शेत पुरते.