सव्वीस प्रश्न आणि चॉपस्टिक्स

हाँगकाँगमधल्या एका संशोधनगटात मी आकडेमोड सांभाळायचे. खाण्याचे विकार हेरणाऱ्या पाश्चात्त्य प्रश्नावल्या चिनी भाषकांसाठी बेतायच्या, हे आमचं काम. त्यातून पदरी पडलेलं थोडंफार:

१. आधी जेवणाचं टेबल बघा. ‘ईट-२६’ या १९८२च्या प्रश्नावलीत ‘मी अन्नाचे बारीक तुकडे करते’ असं एक विधान आहे. सुरी-काट्याने जेवणाऱ्यांत हे लक्षण डोळ्यांत भरतं. चिनी स्वयंपाकघरात भाजी-मांस घासाएवढं चिरूनच कढईत पडतं. टेबलावर सुरी सहसा येतच नाही. एका मुलीने मान वर करून विचारलं, “म्हणजे घरी स्वयंपाक मी करते का?” ‘मी जास्त खावं असं इतरांना वाटतं’ हे विधानही असंच. माशाचा चांगला तुकडा आजी नातीच्या वाडग्यात टाकणारच! जिलबीच्या आग्रहात वाढलेल्या मला हे कुणी समजवावं लागलं नाही. ‘नेहमी’वर खूण केली की तीन गुण, मग धडधाकट मुलीही संशयित.

२. मापं बदला. ब्रिटनच्या ‘स्कॉफ’ या प्रश्नावलीत तीन महिन्यांत एक स्टोन, म्हणजे सुमारे ६.३५ किलो, वजन उतरलं का, असं विचारतात. चीनच्या मुख्य भूमीवर लोक वजन ‘जिन’मध्ये सांगतात, एक जिन अर्धा किलो. हाँगकाँगच्या बाजारात ‘जिन’चं तेच चिन्ह ६०५ ग्रॅमच्या आसपास, आणि अंगाचं वजन बरेचजण पौंडांत सांगणार.

३. लिपीच्या दोन आवृत्त्या काढा, पारंपरिक आणि सरलीकृत. यात फार डोकेफोड नाही.

४. खरी डोकेफोड इथे. १९९३ साली मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली आणि सहकाऱ्यांनी हाँगकाँगच्या ७० ॲनोरेक्सिया रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ४१ जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, घास उतरत नाही, अशी कारणं. ‘ईट-२६’ मात्र वारंवार त्या भीतीबद्दलच विचारते. त्यामुळे अंगावर मांस न उरलेली मुलगी २० गुणांच्या धोक्याच्या रेषेखाली राहून बिनघोर घरी जाऊ शकते. पुढे तिथेही भीती बाळगणारे रुग्ण वाढले, हे खरं. म्हणून मूळ प्रश्न उडवू नयेत. पोटाच्या तक्रारींचे प्रश्न स्वतंत्र जोडावेत, त्यांचे गुण मूळ बेरजेत मिसळू नयेत, आणि धोक्याची रेषा डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतींशी ताडून तिथल्या तिथे नव्याने आखावी. उसनी रेषा वापरणं मला आळशीपणाचं वाटतं.

५. शाळकरी मुलीला आईशेजारी बसवून फॉर्म भरून घेऊ नका. आई उत्तरं सुचवते, मुलगी मुकाट खुणा करते. आईला वेगळा कागद द्या. तिच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ असतं.